छपाईच्या धंद्यातील नवी साखळी आणि आपला कारागीर

हा लेख छपाईच्या धंद्याविषयी आहे आणि लिहिणारे आम्ही कापडाचे व्यापारी. तेव्हा या विषयावर बोलण्याचा अधिकार आम्हाला कसा मिळाला ते आधी सांगितले पाहिजे. तो नुकसान सोसून मिळाला आहे.

मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. किनारपट्टीवरच्या आम्हा कापडवाल्यांना लग्नाचा बस्ता बांधून द्यायला पिशवी तर हवीच. म्हणून आम्ही जाड कोऱ्या कापडाच्या हजार पिशव्या शिवून घेतल्या आणि त्यांवर दुकानाचे नाव, पत्ता व फोन नंबर छापण्यासाठी तालुक्याच्या गावातील एका छापखान्यात दिल्या. काम स्क्रीन प्रिंटिंगचे. नमुना पाहून झाला आणि दोन दिवसांनी आमच्या लक्षात आले की दुकानातला जुना नंबर आपण बंद करणार आहोत, त्याऐवजी मोबाईलचा नंबर टाकला पाहिजे. आम्ही फोन करून तसे सांगितले. काउंटरवरच्या मुलाने चिठ्ठीवर लिहून घेतले. चिठ्ठी संगणकावरच्या मुलाकडे गेली, त्याने दुरुस्ती केली आणि फाईलला "फायनल नवीन" असे नाव दिले. पॉझिटिव्ह काढायला पेन ड्राइव्ह घेऊन जाणारा तिसराच होता. त्याने "फायनल" नावाची फाईल उचलली. हजार पिशव्या जुन्या नंबराने छापून आल्या.

मालक इमानदार माणूस. "शेठ, चूक आमची आहे," असे तो पहिल्या वाक्यात म्हणाला. पण आम्ही तरी बदल लिहून कुठे दिला होता? शेवटी नुकसान निम्मे निम्मे वाटून घेतले. कापडावरची शाई निघत नाही, म्हणून जुन्या नंबरावर काळी पट्टी मारून खाली नवा नंबर छापला. तोपर्यंत लग्नसराईचा निम्मा हंगाम उरकला होता. काळ्या पट्टीच्या त्या पिशव्या पुढे कितीतरी दिवस मासळी बाजारात दिसत राहिल्या.

या प्रकरणात नालायक कोणीच नव्हते. मुलगे मेहनती, मालक सच्चा, स्क्रीन मारणारा कारागीर तर उत्तम. मग चूक झाली कुठे? तोच एक नंबर आमच्या तोंडातून चिठ्ठीवर, चिठ्ठीतून संगणकावर, एका फाईलमधून दुसऱ्या फाईलमध्ये, तेथून पॉझिटिव्हवर आणि पॉझिटिव्हवरून स्क्रीनवर गेला. जितक्या वेळा माहिती हात बदलते, तितक्या वेळा चुकीला दरवाजा उघडा राहतो. गेल्या तीसेक वर्षांत जगभरच्या छपाई उद्योगात जी स्वयंचलित साखळी आली आहे, तिचे मूळ या एवढ्याशा गोष्टीत आहे. एकदा लिहिलेली माहिती दुसऱ्यांदा कोणी लिहायची नाही. पुढच्या प्रत्येक यंत्राने ती आपापली उचलायची.

साखळी म्हणजे काय?

ऑफसेट छपाईचे काम पूर्वी कसे चालत असे ते आधी पाहू. ऑर्डर आली की जॉब कार्ड लिहायचे. मजकूर कंपोज करायचा, प्रूफ काढायचे, ते गिऱ्हाईक तपासणार. मग फिल्म काढायची, पाने मोठ्या शीटवर जुळवून चिकटवायची, त्यावरून प्लेट, प्लेट यंत्रावर, छपाई, मग कटिंग, घडी, बाइंडिंग आणि शेवटी बिल. प्रत्येक टप्प्यावर कागदाचा आकार, प्रती, रंग, पाने ही माहिती कोणीतरी पुन्हा लिहीत वा विचारत असे. बिल करणारा तर बहुधा बाइंडरलाच विचारत असे की एकूण किती झाले!

पहिली कडी जुळली ती पीडीएफची. ही फाईलची पद्धत १९९३ मध्ये अडोबी कंपनीने आणली. अक्षरे, चित्रे, मापे सर्व एका पाकिटात बंद. मुरूडला बनवलेली फाईल मुंबईतही तशीच्या तशी उघडते. दुसरी कडी सीटीपी, म्हणजे संगणकावरून थेट प्लेट. जर्मनीत ड्यूसेलडोर्फ शहरी द्रुपा नावाचे छपाई यंत्रांचे मोठे प्रदर्शन भरते. त्याच्या १९९५ च्या प्रदर्शनापासून या पद्धतीचा बोलबाला झाला. लेसरचा किरण प्लेटवर सरळ चित्र उमटवतो, मधली फिल्म गेली. आणि फिल्मबरोबर फिल्म काढणारा, ती बटर पेपरवर जुळवून चिकटवणारा आणि डाग पुसणारा यांचे कामही गेले.

तिसरी कडी समजून घ्यायला थोडी अवघड आहे, पण तीच सर्वांत महत्त्वाची. ऑफसेट यंत्रावर शाईची जी टाकी असते, तिच्या रुंदीचे साधारण तीन-सव्वातीन सेंटिमीटरचे पट्टे पाडलेले असतात आणि प्रत्येक पट्ट्याला शाई कमीजास्त करणारी एक किल्ली असते. पानाच्या डाव्या बाजूला मोठा रंगीत फोटो असेल तर तिथे शाई जास्त, उजवीकडे नुसता मजकूर असेल तर कमी. उस्ताद मशीनमन प्लेटकडे एक नजर टाकून या किल्ल्या फिरवायचा, शे-दोनशे शीट वाया घालवून रंग बसवायचा. ही नजर येण्यासाठी दहा वर्षे लागत. १९९५ मध्ये काही कंपन्यांनी एकत्र येऊन सीआयपी-३ नावाची एक समाईक भाषा ठरवली. पान संगणकावर असतानाच कोणत्या पट्ट्यात किती शाई लागेल याचा हिशेब होतो आणि तो यंत्राला जातो. किल्ल्या आपोआप फिरतात. पुढे २००० मध्ये याच मंडळींनी सीआयपी-४ या नावाने काम वाढवले आणि जेडीएफ, म्हणजे कामाची व्याख्या करणारी फाईल, तयार केली. आपल्या जॉब कार्डाचेच हे संगणकी रूप. फरक एवढाच, की हे जॉब कार्ड माणूस वाचत नाही, यंत्र वाचते. कटिंग मशीन त्यातून माप घेते, घडी घालणारे यंत्र पानांची रचना घेते आणि हिशेबाचा संगणक प्रत्यक्ष किती शीट गेल्या ते घेतो.

करोनामुळे २०२० चे द्रुपा भरले नाही. आठ वर्षांच्या खंडाने ते २०२४ मध्ये भरले. तेथे मोठ्या कंपन्यांनी छापील गठ्ठे उचलून पॅलेटवर रचणारे यांत्रिक हातसुद्धा मांडले होते. आपल्या तालुक्यातल्या छापखान्याला त्याची गरज नाही, हे सांगायला आम्ही जर्मनीला जायला नको. पण त्या साखळीची पहिली कडी, म्हणजे माहिती एकदाच लिहिणे, ही मात्र फुकटची आहे. तिला यंत्र लागत नाही, शिस्त लागते.

कातिबाचा धडा

आम्ही उर्दू माध्यमात शिकलो. आमची शाळेची पुस्तके कातिबाच्या हातची असत. आमचे गुरुजी पान उघडून म्हणायचे, "या माणसाचा नून बघा, त्याच्यासारखा काढा." नस्तालीक लिपीत अक्षर शेजारच्या अक्षराप्रमाणे रूप बदलते आणि शब्द उजवीकडून खाली उतरत येतो. त्यामुळे शिशाच्या सुट्या खिळ्यांत ती कधी नीट बसली नाही. १७९६ च्या सुमारास जर्मनीत जेनेफेल्डरने दगडावरून छापण्याची युक्ती काढली, तिला आपण शिळाछाप किंवा लिथो म्हणतो. उर्दूला ती फार मानवली. कातिबाने पिवळ्या कागदावर तेलकट शाईने लिहायचे, ते दगडावर उतरवायचे आणि छापायचे. मराठीचेही शिळाछापाशी जुने नाते आहे. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईत पंचांग छापले ते शिळाछापच होते. पण मराठीला सुबक खिळे मिळाले. जावजी दादाजींच्या निर्णयसागरचे टाइप तर देशभर नावाजले गेले. उर्दू मात्र शंभर-दीडशे वर्षे कातिबाच्या बोटांवर राहिली. मुंबईच्या भेंडीबाजार, मोहम्मद अली रोडवर कितीतरी घरांची चूल या बोरूवर पेटत होती.

१९८१ मध्ये पाकिस्तानातील खुशनवीस मिर्झा अहमद जमील यांनी सुमारे वीस हजार जोडरूपे हाताने लिहिली आणि मोनोटाइप कंपनीने ती संगणकात बसवली. आपल्या वडिलांच्या नावावरून त्यांनी या लिपीला नूरी नस्तालीक हे नाव दिले. त्याच वर्षी लाहोरचे जंग हे दैनिक त्यावर निघाले. पुढे १९९४ च्या सुमारास दिल्लीत बनलेला इनपेज हा प्रोग्राम आला आणि चार-पाच वर्षांत वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांतून कातिबांच्या चटया गुंडाळल्या गेल्या.

येथे आमचे म्हणणे नीट ऐकावे. कातिब बेकार झाले ते संगणकामुळे, असे सरसकट म्हटले जाते. अर्धे खरे आहे. ज्या कातिबाने कीबोर्ड शिकून घेतला, त्याच्यासारखे पान कोरा ऑपरेटर लावू शकत नव्हता. कारण ओळ कुठे तुटली की डोळ्याला खुपते हे त्याला ठाऊक होते. अशांना आणखी पंधरा-वीस वर्षे रोजी मिळाली. ज्यांनी म्हटले की हा यंत्राचा तमाशा दोन दिवसांचा आहे, ते पाट्या रंगवू लागले. मग फ्लेक्स आला आणि पाट्याही गेल्या. आणि तिसरेही होते. त्यांना शिकायचे होते, पण शिकवणारा नव्हता आणि संगणक घ्यायला पैसा नव्हता. या तिसऱ्यांचा हिशेब आपण समाज म्हणून कधी मांडला नाही. आज बाइंडर, कटिंगवाला, स्क्रीन मारणारा, मिनी ऑफसेट चालवणारा आपला मुलगा त्याच जागी उभा आहे.

थोडे गणित

गिऱ्हाईक म्हणून आम्हाला नेहमी पडणारा प्रश्न: काम ऑफसेटवर करावे की डिजिटलवर? डिजिटल छपाई यंत्रे १९९३ मध्ये बाजारात आली. इंडिगो आणि झायकॉन ही त्यातली पहिली नावे. इंडिगो पुढे २००२ मध्ये एचपी कंपनीने घेतली. या यंत्राला प्लेट लागत नाही, त्यामुळे पहिली प्रत आणि हजारावी प्रत यांचा खर्च जवळपास सारखाच.

समजा, चार रंगांचे एक पत्रक आहे. आकडे केवळ हिशेबाच्या सोयीसाठी घेतो. ऑफसेटला चार प्लेटा प्रत्येकी ३०० रुपये, म्हणजे १,२००. यंत्र लावणे आणि रंग बसवताना वाया जाणारा कागद १,५००. एकूण २,७०० रुपये यंत्र सुरू होण्याआधीच गेले. पुढे प्रत्येक प्रतीला छपाई १ रुपया. डिजिटलला सुरुवातीचा खर्च नाही, पण प्रत्येक प्रतीला ८ रुपये. शंभर प्रतींना ऑफसेट २,८०० आणि डिजिटल ८००. हजार प्रतींना ऑफसेट ३,७०० आणि डिजिटल ८,०००. दोघांची बरोबरी कुठे होते? २,७०० ला ७ ने भागा. साधारण ३८६ प्रतींवर. आपापल्या गावचे दर घालून प्रत्येकाने हा भागाकार करून ठेवावा. स्वयंचलित साखळीने काय केले, तर ऑफसेटचे ते सुरुवातीचे १,५०० कमी केले. ते समजा ५०० वर आले, तर बरोबरीचा आकडा १,७०० भागिले ७, म्हणजे २४३ वर येतो. साखळी बसवलेले शहरातले ऑफसेट यंत्र छोटी कामेही ओढून घेते ते याच कारणाने.

व्हिजिटिंग कार्डाचे पाहा. १२ गुणिले १८ इंचाच्या शीटवर साडेतीन गुणिले दोन इंचाची २४ कार्डे आरामात बसतात. गावातला छापखाना एका गिऱ्हाइकाची २४ छापतो. शहरातली कंपनी फोनवरून आलेल्या २४ वेगवेगळ्या गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी संगणकाकडून एका शीटवर जुळवून घेते, एकाच प्लेटवर छापते आणि कापून वेगळी करते. प्लेटचा खर्च २४ जणांत वाटला गेला. म्हणून तिचे कार्ड स्वस्त. त्यात ना जादू आहे ना बेइमानी.

मग गावच्या छापखान्याने काय करावे? आमच्या मते तिथल्या शर्यतीत उतरूच नये. प्लेट बाहेरून पनवेल, पुणे, मुंबईहून करून आणावी, ऑफसेट घरी चालवावे, कार्डे सरळ त्या मोठ्या कंपनीकडे पाठवून कमिशन घ्यावे, आणि शहरातल्याला जे जमत नाही ते आपले ठेवावे. काय जमत नाही? एक उदाहरण आमच्याच धंद्यातले देतो. पूर्वी मिलच्या कापडाच्या ताग्यावर शिळाछापाचे सुंदर रंगीत लेबल चिकटवलेले असे. गिऱ्हाईक वाचायला येत नसले तरी चित्र पाहून कापड ओळखायचे. आज लेबलवर भाव, आकार आणि बारकोड लागतो. आपल्या देशातून नोंदलेले बारकोड ८९० या अंकांनी सुरू होतात. प्रत्येक आकाराला, प्रत्येक रंगाला वेगळा बारकोड, आणि एका वेळी लागणारी लेबले पन्नास किंवा शंभर. असे काम प्लेटवर परवडतच नाही. मालाची यादी एकदा टाइप करायची, लेबल छापणारे छोटे यंत्र तीच यादी वाचून प्रत्येक लेबल वेगळे छापते आणि तीच यादी दुकानाच्या बिलिंगमध्ये जाते. ही खरी साखळी, आणि ती आपल्या खिशाला परवडणारी आहे. रेडीमेडवाले, अत्तरवाले, सुकी मासळी आणि मसाले पाकिटात विकणारे बचत गट, या सर्वांना लेबल लागते. शहरातला माणूस त्यांच्या दारात येऊन माप घेणार नाही.

निकाहच्या पत्रिकेचेही असेच. आपल्या किनाऱ्यावर एकाच पत्रिकेत उर्दू, मराठी आणि इंग्रजी अशा तीन लिप्या येतात. एकच आडनाव तिन्ही लिप्यांत तीन तऱ्हांनी लिहिले जाते आणि चाचा मंडळी रुसतात ते वेगळेच. मोबाईलवर मराठी युनिकोडमध्ये टाइप होते. छापखान्यातले जुने मराठी फॉन्ट युनिकोडचे नसतात. व्हॉट्सअॅपवरचा मजकूर तसाच चिकटवला की रफार कुठेतरी उडतो, अर्धे अक्षर चौकोन बनते. मग ऑपरेटर सगळे पुन्हा टाइप करतो, आणि पुन्हा टाइप केले की चूक ठरलेली. छापखान्यांनी युनिकोड फॉन्टवर जावे किंवा चांगला कन्व्हर्टर ठेवावा. येथेच साखळी सर्वांत जास्त तुटते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

आपली हवा, आपली वीज

बाहेरच्या यंत्रांची माहितीपत्रके वाचताना एक गोष्ट विसरू नये. ती यंत्रे कोरड्या, बंद खोल्यांसाठी बनलेली असतात. छपाईच्या खोलीत हवेतील आर्द्रता ५०-५५ टक्क्यांच्या आसपास असावी असे मानतात. श्रीवर्धन, मुरूड, अलिबागला पावसाळ्यात ती ८० च्या वर जाते. कागद हवेतले पाणी पितो. त्याच्या कडा लाटांसारख्या होतात आणि शीट दाण्याच्या आडव्या दिशेने फुगते. चार रंग एकमेकांवर बसत नाहीत. डिजिटल यंत्रात ओला कागद अडकतो, टोनर नीट धरत नाही. यंत्र थांबते आणि पडद्यावर भलताच दोष दाखवते. मेकॅनिक मुंबईहून येईपर्यंत दोन दिवस. उपाय साधे आहेत. रीम लागेल तेव्हाच फोडावी, उरलेला कागद पुन्हा गुंडाळून ठेवावा, जमिनीवर न ठेवता लाकडी फळीवर ठेवावा, आणि बाहेरून आलेला कागद छापण्याआधी एक दिवस त्याच खोलीत राहू द्यावा. आम्ही थानाच्या थान अशीच जपतो. कागद आणि कापड शेवटी भाऊबंदच.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले. नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या, पत्रे उडाले आणि कित्येक गावांत कितीतरी दिवस वीज नव्हती. आमच्या दुकानातले कापड भिजले ते भिजलेच, पण उधारीच्या वहीतली शाई पसरून दोन महिन्यांचा हिशेब नाहीसा झाला. संगणकावर सर्व ठेवणाऱ्यांचेही तेच झाले असते. पाण्यात गेलेल्या संगणकातली गिऱ्हाइकांची डिझाईने कोण परत देणार? म्हणून कामाच्या फाईलींची एक प्रत इंटरनेटवरच्या साठवणीत आणि एक गावाबाहेरच्या नातेवाइकाकडे असावी. वहीसुद्धा महिन्यातून एकदा मोबाईलने फोटो काढून ठेवावी. साखळी जितकी लांब, तितकी ती विजेवर आणि सिग्नलवर अवलंबून. आमच्याकडे दोन्ही बेभरवशाचे. तेव्हा जॉब कार्डाची छापील प्रत यंत्रापाशी टांगलेली असलीच पाहिजे, मग संगणक कितीही हुशार असो.

लिखापढी

सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीचा उधार व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे, हे आपण सर्वजण जाणतो. जाणतो, आणि चिठ्ठीवर काम देतो! छपाईच्या ऑर्डरीत फिकहचा एक मुद्दाही आहे. कारागिराकडून वस्तू बनवून घेण्याचा करार हनफी फिकहमध्ये इस्तिस्ना या नावाने स्वतंत्रपणे मान्य आहे. कोकणातले आपण बहुतेक शाफई. शाफई फिकहमध्ये असा व्यवहार सलमच्या अटींत बसवला जातो, आणि सलममध्ये पूर्ण रक्कम कराराच्या वेळीच द्यावी लागते. थोडी उचल द्यायची आणि उरलेले "बघू नंतर" ही आपली चाल. मोठी कामे देणाऱ्या-घेणाऱ्यांनी आपल्या आलिमांना विचारून पद्धत ठरवून घ्यावी. मसलक कोणताही असो, वस्तूचे वर्णन, संख्या, मुदत आणि किंमत स्पष्ट असावी ही अट सगळीकडेच आहे. चांगल्या जॉब कार्डात तरी दुसरे काय असते?

संख्येवरून आठवले. हजार सांगून साडेनऊशे देणे हा छपाईतला जुना रोग. मापात मारणाऱ्यांना सूरह अल-मुतफ्फिफीनमध्ये काय सुनावले आहे ते छापखानेवाल्यांना आम्ही सांगायला नको. उलट बाजूही सांगतो: रंग बसवताना काही शीट वाया जातातच, तो कागद कोणाच्या खात्यावर हे आधी ठरलेले नसते. यंत्राचा काउंटर चांगल्या आणि वाया गेलेल्या शीट वेगवेगळ्या दाखवतो. तो आकडा बिलावर लिहिला, की दोन्ही बाजूंची कुरकुर मिटते.

कायद्याचेही थोडे. ऑर्डर मोबाईलवरून येऊ लागल्यापासून निवडणुकीची पत्रके कोणीही, कुठूनही पाठवतो. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १२७-अ प्रमाणे अशा पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे व पत्ते हवेत. प्रकाशकाने स्वतःच्या ओळखीबद्दल सही करून, त्याला ओळखणाऱ्या दोघांची साक्ष घालून, दोन प्रतींत निवेदन द्यायचे आणि मुद्रकाने ते पत्रकासह अधिकाऱ्याकडे पाठवायचे. चुकल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, वा दोन्ही. पीडीएफ आली आणि छापली, असे येथे चालत नाही. नियतकालिके छापणाऱ्यांसाठी १८६७ चा जुना कायदा जाऊन १ मार्च २०२४ पासून नवा कायदा लागू झाला आहे आणि मुद्रकाची माहिती आता ऑनलाइन द्यायची असते.

मुलांना काय शिकवावे?

मुंबईत शासकीय मुद्रण तंत्रज्ञान संस्था आहे, पुण्यात पुणे विद्यार्थी गृहाचे मुद्रण महाविद्यालय आहे. आयटीआयमध्ये ऑफसेट मशीन चालवण्याचा आणि डीटीपीचा अभ्यासक्रम आहे. आपली मुले तिकडे फारशी दिसत नाहीत. ती पारपत्र काढून आखातात जाण्याची वाट पाहतात. ज्याला जायचे त्याने खुशाल जावे. पण जो बाइंडिंग टेबलावर बसलाच आहे, त्याला कॉलेजात पाठवता येणार नाही. त्याला हवे आहे पंधरा दिवसांचे शिक्षण, तेही मगरिबनंतर: फाईलला नाव कसे द्यावे, पीडीएफ कशी तपासावी, शीटवर पाने कशी जुळवावी, काउंटरचा आकडा कसा वाचावा. बाइंडरला कोणते पान कोणाच्या पाठीवर येते हे बोटांनी माहीत असते. पाने जुळवणारा संगणकाचा प्रोग्राम तेच करतो. आम्हाला वाटते, हे काम बाइंडर कोऱ्या ऑपरेटरपेक्षा लवकर शिकेल, जसा कातिब शिकला होता. मुरूडच्या अंजुमन इस्लाम जंजिरासारख्या आपल्या शिक्षण संस्थांकडे वर्ग आहेत आणि संगणकही असतात. संध्याकाळी ते बंद असतात. व्यापाऱ्यांनी चार महिने एका शिक्षकाचे मानधन उचलले तर वर्ग सुरू होऊ शकतो. आमच्या वाट्याचे द्यायला आम्ही तयार आहोत.

यंत्र घेण्याबाबत एकच सांगतो. व्याजाच्या कर्जावर मोठे यंत्र घेऊन हप्त्यासाठी रात्रंदिवस राबणारे आम्ही पाहिले आहेत. व्याजाचा गुन्हा बाजूला ठेवला तरी धंद्याचे गणितही बसत नव्हते. किनाऱ्यावर लग्नसराईचे चार महिने काम आणि हप्ते बाराही महिने. तीन-चार छापखान्यांनी मुशारकेने एक डिजिटल यंत्र घेऊन एका ठिकाणी बसवले, प्रत्येकाने आपापली फाईल तिकडे पाठवली आणि काउंटरप्रमाणे खर्च वाटून घेतला, तर ते दिवसभर चालू राहील. याला आडवा येतो तो हेवा. माझे गिऱ्हाईक त्याला दिसेल, ही भीती. त्याच्यावर कोणत्याही कंपनीने यंत्र काढलेले नाही.

आमच्या पिशव्यांच्या छापखान्याने अजून नवे यंत्र घेतलेले नाही. मालकाने तीन गोष्टी केल्या. प्रत्येक कामाला नंबर दिला आणि फाईलचे नाव तोच नंबर. "फायनल" हा शब्द त्याने संगणकावर हराम केला आहे. दुरुस्ती झाली की जुनी फाईल वेगळ्या कपाटात जाते, म्हणजे पेन ड्राइव्ह नेणाऱ्याला एकच फाईल दिसते. आणि बदल फोनवर घेणे बंद; व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा, प्रूफचा फोटो येईल, त्याखाली "मंजूर" असे स्वतः लिहा, तोपर्यंत स्क्रीन बनत नाही. आम्ही दुकानाचे मालक, तरीही गेल्या खेपेस सवयीने फोनच केला. काउंटरवरच्या त्याच मुलाने नम्रपणे सांगितले, "शेठ, लिहून पाठवा." यंदाच्या आमच्या कामाचा नंबर ४१७ आहे, आणि प्रूफमध्ये पिन कोडचा एक अंक चुकलेला आम्हाला काल रात्री सापडला. दुरुस्त फोटो अजून यायचा आहे.